नेकारच्या काठाने, जुन्या सायकलवर

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीची. ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी दोन वर्षं जर्मनीत हायडलबर्गला चाललेय. तिथल्या नेकार नदीचं खोरं सायकलने फिरायचंय, पण नवीन सायकल परवडणार नाही आणि शेवटची सायकल चालवली ती आठवीत. आई म्हणते एकटी नदीकाठी कशाला. सेकंडहँड घेऊ का, घेताना काय बघू?

उत्तर : घे गं, नक्की घे. मी तिथे दोन वर्षं राहिलेय, आता परत मुंबईत आहे, पण कर्जत लोकलमधून उल्हास नदी दिसली की अजूनही मला नेकार आठवते.

आधी सायकल. उंचीला बसणारी घे, सीटवर बसून पायाचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. चाक उचलून फिरवून बघ, डुगडुगत असेल तर सोडून दे. आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, तिथल्या बऱ्याच जुन्या सायकलींना पेडल उलटं मारलं की मागचा ब्रेक लागतो. आपल्याला कशी सवय असते, थांबलो की पेडल मागे फिरवून पाय नीट ठेवायचा, आणि चालवतानाही मध्येच उलटं मारायचं. मी पहिल्याच दिवशी उतारावर तसं केलं, मागचं चाक जाम झालं, सायकल घसरली आणि गुडघा चांगलाच फुटला. तेव्हा रिकाम्या रस्त्यावर तासभर सराव कर, वाहनं उजवीकडून चालतात त्याचीही सवय होईल. पुढे पांढरा, मागे लाल दिवा कायद्याने लागतोच, आणि डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधारून येतं. विकणाऱ्याकडून फ्रेम नंबर, म्हणजे सायकलच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, घालून पावती लिहून घे, चोरीच्या सायकलीही विकल्या जातात. कुलूप मात्र नवीन आणि जाड घे, तिथे कंजूषी नको.

आता नदी. नेकार साधारण ३६० किलोमीटरची, मानहाइमला ऱ्हाइनला मिळते. हायडलबर्गहून उलट दिशेला, एबरबाखपर्यंत जा, तीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना जंगलाचे डोंगर पण नदीकाठचा रस्ता बऱ्यापैकी सपाट. वाटेत नेकारश्टाइनाखला एका गावात चार किल्ले आहेत, पण मी सगळ्यात जास्त वेळ बसायचे ते तिथल्या लॉकपाशी, म्हणजे बोटींना नदीच्या वरच्या पातळीवरून खालच्या पातळीला नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारं असलेल्या हौदापाशी. बघ, वरच्या बाजूने लांबलचक मालवाहू बोट येते, कठडा आणि बोट यात जेमतेम हातभर जागा, मागचं दार बंद होतं, पाणी उतरायला लागतं आणि अख्खी बोट हळूहळू खाली जाते, मग पुढचं दार उघडतं की निघाली. प्लोखिंगेनपासून मानहाइमपर्यंत अशी २७ लॉक आहेत, सोबत पाणी अडवणारे बंधारे, त्यामुळेच नदी इतकी संथ दिसते. पण पूर येतोच हं, १७८४ला बर्फासकट आलेल्या पुरात हायडलबर्गचा जुना पूल गेला, आताचा १७८८चा आहे. पुलापाशी पुराच्या खुणा कोरल्यात, त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा मला २६ जुलै २००५ आठवला, आमच्या तळमजल्याच्या भिंतीवरची ती चिखलाची रेघ.

आईंना सांग, नदीला समांतर लोकलसारखी ट्रेन आहे, वाटेतल्या गावांना स्टेशनं आहेत, दमलीस की सायकलसकट चढायचं. फक्त सकाळच्या गर्दीचे सायकलचे नियम आधी बघून ठेव. रविवारी दुकानं बंद असतात, डबा आणि पाणी घरून ने. पंक्चरची पेटी इथूनच नेलीस तरी चालेल, पण पंप तिथेच घे, व्हॉल्व वेगवेगळ्या प्रकारचे असतात.