हंड्यात काय ढवळतेस?

"मॅडम, मारामारीचे गेम तरी समजतात. ही नुसता पाला गोळा करते आणि हंड्यात ढवळत बसते. तीन-तीन तास!" शब्द थोडेफार बदलतात, पण समुपदेशनाच्या कामात ही तक्रार मी अनेक आयांकडून ऐकली आहे. यात जिंकणं नाही, पैसे नाहीत, मग पोरगी करते तरी काय?

हे उदाहरण त्यातलंच, ओळखीचे तपशील बदलून. मुलगी 22 वर्षांची, तिला मेघना म्हणू या. सीए इंटरमीजिएटला दोनदा नापास. आईच्या मते दोष गेमचा. मला बालपण उकरण्याआधी माणूस हाताने काय करतो ते बघायला आवडतं. म्हणून लॅपटॉप घेऊनच ये म्हटलं.

गेम होता 'अटेलिये रायझा', 2019 चा. जपानच्या गस्ट कंपनीची ही किमयागारांची मालिका 1997 पासून चालू आहे. कुर्केन बेटावरची रायझा ही शेतकऱ्याची कंटाळलेली पोर. लेंट आणि ताओ या मित्रांबरोबर होडीतून पलीकडे जाते, तिथे व्यापाऱ्याची मुलगी क्लॉडिया भेटते, आणि एका फिरस्त्याकडून रायझा किमया शिकते. जग वाचवण्याची वेळ येते, पण बरीच उशिरा. तोवर ताओला जुनी पुस्तकं वाचता यायला हवी असतात आणि क्लॉडियाला वडिलांपासून लपवलेली बासरी त्यांच्यासमोर वाजवायची असते. माणसं एवढ्याएवढ्या गोष्टींसाठी झुरतात, हीच यातली गोडी.

बाकी वेळ माल गोळा करण्यात जातो. एकाच झाडाला विळा लावला तर एक वस्तू मिळते, कुऱ्हाड लावली तर दुसरी. टोपली भरली की घरी, हंड्याकडे. वस्तू बनवायची प्रत्येक कृती म्हणजे पडद्यावर गोलांची साखळी. एका गोलात ठराविक जातीचाच माल चालतो. आग, बर्फ, वीज, वारा यांतला हवा तो गुण पुरेसा भरला की परिणाम उघडतो आणि पुढचा गोल मोकळा होतो. मात्र माल किती वेळा टाकायचा याला मर्यादा असते. ती किमयेची पातळी वाढली की वाढते, आणि पातळी वाढते वस्तू बनवूनच.

मेघनाने एक बॉम्ब बनवला. निम्मे गोल रिकामे.

"अर्धाच सोडलास?"

"आत्ता एवढाच होतो. पुढे रीबिल्ड करीन." नको असलेला माल मोडून रत्नं मिळतात, ती खर्चून तयार वस्तू पुन्हा हंड्यात घालता येते.

"आणि तोवर?"

"तोवर हाच वापरायचा. चालतो की!"

"कॉस्टिंगच्या नोट्स कुठवर आल्या?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "पहिले तीन धडे चौथ्यांदा लिहितेय. नीट झाल्याशिवाय पेपर सोडवायला घेणार नव्हते."

मीही थोडा वेळ काही बोलले नाही. अशा वेळी आपण बोललो की हातातलं निसटतं. तीच पुढे म्हणाली, "रोरोना पण मी असाच सोडला." या मालिकेतल्या त्या गेममध्ये तीन वर्षांत बारा कामं पुरी करायची असतात, प्रत्येकाला तीन महिने. माल आणण्यात आणि ढवळण्यात दिवस खर्च होतात. ही पहिल्याच मागणीसाठी उत्तमातली उत्तम वस्तू घडवत बसली आणि मुदत टळली. रायझात मुदत नाही, म्हणून तिथे तिचा हात मोकळा होता.

गेमने तिला बिघडवलं नव्हतं. उलट कच्चं करून वापरायचं आणि मग सुधारायचं, हे तिला जमत होतं ते फक्त त्या हंड्यापाशी. हे मला त्या रिकाम्या गोलांकडे बघताना दिसलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी स्वतःवर जरा खूश होते.

मग आम्ही ठरवलं: नवी वही नाही. धडा एकदा वाचला की लगेच जुन्या पेपरातले त्याचे दोन प्रश्न, पुस्तक मिटून. चुकलेलं त्याच नोट्समध्ये हिरव्या शाईने भरायचं. पहिल्या आठवड्यात तिने हिरव्या शाईने पुन्हा अख्खं पान सुवाच्य लिहून काढलं. म्हणून नियम केला, समासाबाहेर जायचं नाही.

आयांना माझं सांगणं वेगळं. घड्याळ दाखवून लॅपटॉप मिटू नका. हंड्यात माल अर्धा टाकलेला असताना उठवलं तर भांडण ठरलेलं. टोपली भरून घरी येणं आणि एकदा ढवळणं, ही एक फेरी धरा. जेवणाआधी एक, अभ्यासानंतर एक. लढाईत मात्र विचार करत थांबलं तरी शत्रू थांबत नाही. त्यातच वेळ आणि डोकं जात असेल तर अवघडपणा 'ईझी'वर ठेवायला सांगा, त्यात कमीपणा नाही. झोप उडाली, जेवण टळलं, खोटं बोलणं सुरू झालं, तर प्रकरण वेगळं. तेव्हा जरूर या.

आणि "किती वेळ झाला?" ऐवजी "आज काय बनवलंस?" असं विचारून बघा. मेघनाच्या आईला हे पोरकट वाटलं होतं. तिसऱ्या भेटीत निघताना त्या दारात थांबल्या आणि लेकीला म्हणाल्या, "अगं, त्या क्लॉडियाने बापासमोर वाजवली का बासरी? सांगायचं राहिलंच तुझं."