पक्षाघात सकाळीच का गाठतो?

प्रश्न : बाबा पहाटे दात घासत होते, उजव्या हातातून ब्रश गळून पडला. पक्षाघात! रात्री तर ठणठणीत होते. मग सकाळीच कसं?

उत्तर : ताई, जाग येताना रक्तदाब झपाट्याने चढतो, रक्तही लवकर गोठतं. १९९८ साली ११,८१६ झटक्यांचा एकत्र अभ्यास झाला. सकाळी सहा ते दुपारी बारा हाच काळ सर्वाधिक जोखमीचा निघाला. माझ्या आईचं तोंड असंच सकाळी वाकडं झालं, आणि आम्ही तासभर हाताला तेल चोळत बसलो. तो तास मला अजून टोचतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांतच देतात. झोपेतच झटका आला असेल, तर रात्री शेवटचं धड कधी पाहिलं, ती वेळ डॉक्टरांना सांगा. आणि थेट १०८ फिरवा.