हरभऱ्याची मर आणि जनुकांचा नकाशा

'मर रोगास प्रतिकारक' असं छापलेली बियाण्याची पिशवी आणली, तरी घाटे भरताना झाडं वाळली. फसलो का? (बार्शी)

लगेच दुकानदाराच्या अंगावर जाऊ नका. वाळत असलेलं झाड हलक्या हातानं उपटा आणि खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती फ्युजारियम बुरशीची मर. मूळ कडक होऊन काडीसारखं मोडलं, बारीक मुळ्या जमिनीतच राहिल्या, तर ती कोरडी मुळकूज. ही बुरशी निराळी. जमिनीतली ओल संपून ऊन वाढलं की ती जोर धरते आणि मरीला तोंड देणारा वाणही तिच्यापुढे टिकेलच असं नाही. तुम्ही सांगता ती वेळ पाहता माझा संशय मुळकुजीवरच आहे. शिवाय मरीच्या बुरशीचेही आठ प्रकार नोंदलेले आहेत. एकाला दाद न देणारं झाड दुसऱ्यापुढे मान टाकू शकतं.

जनुकीय नकाशा कशाचा काढतात? सूक्ष्मदर्शकातून जनुक दिसतं का? (कृषी पदवीचा विद्यार्थी, अकोला)

दिसत नाही, ते कुठे असेल हे हिशोबानं काढतात. त्यासाठी मरीनं हमखास मरणारं झाड आणि अजिबात न मरणारं झाड यांचा संकर करायचा. मरणाऱ्यांत 'जेजी ६२' प्रसिद्ध. एका देठावर दोन घाटे धरणारा हा देखणा वाण, पण मर आली की सर्वांत आधी जातो. म्हणून मुद्दाम बुरशी जोपासलेल्या रोगट शेतात त्याच्या ओळी पेरतात. तो मेला की शेतात रोग खरोखर आहे याची खात्री पटते. दुसऱ्या बाजूला 'डब्ल्यूआर ३१५' किंवा आपल्या राहुरीचा 'विजय'. 'जेजी ६२' आणि 'विजय' यांच्या संकरावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं आणि राहुरीच्या विद्यापीठानं मिळून काम केलेलं आहे.

संकराची संतती पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागानं वाढवून स्थिर करायची, रोगट शेतात कोण जगलं ते मोजायचं आणि प्रत्येकाच्या पानातला डीएनए तपासायचा. डीएनएवरची जी खूण जगलेल्यांत सतत सापडते, ती प्रतिकाराच्या जनुकाची शेजारीण. शंभरात एकदाच दोघांची ताटातूट झाली तर अंतर साधारण एक सेंटिमॉर्गन, म्हणजे या नकाशावरच्या अंतराचं एक माप. मरीला रोखणारी बरीच जनुकं दुसऱ्या सहलग्नता गटावर (एका गुणसूत्रावरची, सोबत वारशानं येणारी जनुकं) दाटीनं बसलेली निघाली, ही पैदासकाराच्या दृष्टीनं मोठीच सोय. २०१३ मध्ये हरभऱ्याचा जनुकसंच वाचला गेला, सुमारे २८ हजार जनुकांचा, आणि खुणांचा तुटवडा संपला.

कागदावरच्या नकाशातून शेतात काय आलं? (लातूर)

'सुपर अण्णिगेरी १'. धारवाडकडचा जुना अण्णिगेरी हरभरा चवीला आणि उताऱ्याला लोकांच्या मनात बसलेला, पण मरीला बळी पडणारा. रायचूरचं कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था 'इक्रिसॅट' यांनी 'डब्ल्यूआर ३१५' मधला मरीच्या बुरशीच्या चौथ्या प्रकाराविरुद्धचा प्रतिकार त्यात आणला. संकर झाल्यावर पुन:पुन्हा अण्णिगेरीशीच संकर करत गेले. इथे खूण फार कामाची. प्रतिकाराचं जनुक बऱ्याचदा अप्रभावी असतं. आई-बापांपैकी एकाच बाजूनं आलं तर झाड मरतंच, आत ते आहे हे डोळ्यांना कळत नाही. खूण मात्र रोपाच्या पानातच सांगते. एरवी प्रत्येक फेरीत एक हंगाम केवळ तपासणीत जायचा.

पंजाब-हरियाणाच्या थंड, ओल्या हवेतला अ‍ॅस्कोकायटा करपा रोखण्यासाठीही असंच काम झालं आहे. आपल्याकडे त्याची धास्ती फारशी नाही.

हा बीटी कापसासारखाच प्रकार ना? घरचं बी चालेल? (परभणी)

नाही. बीटीत जिवाणूचं जनुक घातलं आहे. इथे हरभऱ्याचंच जनुक साध्या संकरानं दुसऱ्या हरभऱ्यात आलं. पीक स्वपरागी, त्यामुळे घरचं बी चालतं. मात्र मर दिसलेल्या पट्ट्यातलं बी ठेवू नका. बुरशी बियाण्यासोबतही येते, आणि एकदा जमिनीत शिरली की हरभरा नसतानाही सहा वर्षं तग धरते. पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) चोळायला विसरू नका, वाण कितीही नवा असो.