दुडकीत अंग पुढे का झुकतं?

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची, नाशिकला राहते. आठ महिने झाले, घोडेस्वारी शिकते आहे. घोडा चालत असेल तोवर ठीक, पण दुडकी सुरू झाली की माझं अंग आपोआप पुढे झुकतं. ‘पाठ सरळ, खांदे मागे’ असं सर सारखे ओरडतात. तसं केलं की कंबर भरून येते आणि थोड्या वेळानं मी पुन्हा मानेवर. मागच्या आठवड्यात घोडा एकदम थबकला आणि माझं तोंड थेट आयाळीत! रेसकोर्सवरचे जॉकी तर वाकूनच बसतात, मग माझंच काय चुकतं?

उत्तर : पत्र वाचताना मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. आमचे उस्ताद गुडघा आणि खोगीर यांच्यामध्ये दहाची नोट धरायला लावायचे. फेरी संपेपर्यंत ती पडली नाही तर नोट आपली. मी बऱ्याच नोटा मिळवल्या. गुडघा आवळायची सवय मात्र अशी जडली, की एकोणिसाव्या वर्षी एक घोडी प्लास्टिकच्या पिशवीला बुजून थांबली, आणि मी तिच्या मानेवरून घसरून कॉलरबोन मोडून घेतलं.

तुमचंही तेच होतंय, असं मला वाटतं. गुडघा आवळला की त्याची बिजागरी होते. खालचा पाय मागे सरकतो, टाच वर येते आणि धड पुढे कलंडतं. मूळ दुखणं पायात आहे. ते तसंच ठेवून खांदे मागे ओढले तर कंबरेत नुसता बाक येतो, म्हणून ती भरून येते.

घोड्याचाही विचार करा. त्याचं जवळजवळ ६० टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं. त्यात तुमचा भार पुढे आला की तोल सावरायला तो पाय भरभर उचलतो. वेग वाढला की आपण घाबरतो, घाबरलो की अंग मिटून घेतो, आणि आणखी पुढे जातो. यात तुमच्या धीटपणाचा प्रश्न नाही. भीती वाटली की कुणाचंही शरीर असंच मिटतं.

जॉकीचं म्हणाल, तर तो रिकिबी, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कड्या, अगदी आखूड ठेवतो आणि भरधाव असताना खोगिरावर बसतच नाही. सगळा भार पायांवर, आणि पाय धडाच्या खाली. अडथळ्यावरून उडी घेतानाही स्वार झुकतो. ही पद्धत रूढ केली ती इटालियन घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) या अधिकाऱ्यानं; त्याआधी उडी घेताना मागे रेलायची रीत होती. पण तिथंही झुकायचं ते जांघेतून, आणि खालचा पाय जागचा हलत नाही. तुमचा पाय मागे जातो, फरक तेवढाच आहे.

आता करायचं काय? कुणाला तरी बाजूनं मोबाइलवर तुमचं चित्रण करायला सांगा. मी गवंड्याचा ओळंबा जवळ बाळगते. घोडा उभा असताना तो विद्यार्थ्याच्या कानाशी धरला, की दोरी खांदा आणि कमरेच्या खुब्यावरून टाचेपाशी यायला हवी. तुमच्या चित्रणावर पट्टी धरून बघा. टाच रेषेच्या मागे दिसेल.

मग रिकिबीची लांबी बघा. पाय मोकळा सोडल्यावर रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी यावा. फार लांब असेल तर चवडा तिला शोधत राहतो आणि टाच वर जाते. खोगीर घोड्याच्या खांद्यावर चढलेलं नाही ना, तेही तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) कसण्याआधी तपासा. खोगीरच पुढे कललेलं असेल तर तुम्ही काहीही केलंत तरी घसरणारच.

खरा व्यायाम एकच. घोडा चालत असताना रिकिबीत उभ्या राहा. सुरुवातीला आयाळीची एक बट धरा, लगामाला लटकू नका. पाय मागे असेल तर तुम्ही मानेवर पडाल. फार पुढे असेल तर धपकन मागे बसाल. मधे एक जागा सापडते, जिथं गुडघा सैल आहे, वजन मांडीवरून ओघळून टाचेत उतरलंय आणि हात सोडले तरी चालतं. ती सापडली की पोटऱ्यांत हलकी ओढ जाणवते. नजर घोड्याच्या कानांमधून पलीकडे ठेवा. मान खाली घातलीत की धड तिच्यामागे जातंच.

दुडकीत उठबस करताना गुडघ्यांनी स्वतःला वर ढकलू नका. घोड्याची पाठ तुम्हाला वर फेकते, तेवढंच उठा आणि अलगद बसा.

हात सोडून, चालत्या घोड्यावर उभं राहून, रिंगणाची एक पूर्ण फेरी जमेपर्यंत दुडकी करू नका. दोन आठवडे लागोत की दोन महिने. सर घाई करू लागले तर त्यांना हे पान दाखवा, आणि त्यांच्याकडे लाँजची दोरी (शिक्षक मधे उभा राहून घोड्याला भोवती गोल फिरवतो ती लांब दोरी) असेल तर दर वेळी पहिली दहा मिनिटं तिच्यावर मागून घ्या.