घोड्यांतून श्रीमंती?

प्रश्न : तासगावात आमची द्राक्षबाग आहे. पूनावाला घोड्यांवर गब्बर झाले म्हणतात. बाग मोडून शर्यतीच्या दोन घोड्या घेऊ का?

उत्तर : बाग मोडू नका हो! सायरस पूनावालांच्या वडिलांनी 1946 साली पुण्यात स्टड फार्म, म्हणजे घोडे पैदाशीचं केंद्र, काढलं, हे खरं. पण खरा पैसा आला लशींतून. फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन या लस-सीरम बनवणाऱ्या संस्थेला जात, कारण घोड्याच्या रक्तापासून धनुर्वाताचं सीरम बनतं. मग ते आपणच का करू नये, असं पूनावालांना वाटलं. त्यातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

आता घोडीपासून पैदास करायची म्हटलं तर ऐका. थरोब्रेडला, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीला, कृत्रिम रेतन चालत नाही. म्हशीसारखं डॉक्टरला गोठ्यात बोलावून भागत नाही, घोडी नराकडेच न्यावी लागते. गाभ अकरा महिन्यांचा. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की एक-दोन दिवसांत विते, तेही बहुधा रात्रीच. झोप विसरा. शिवाय वय 1 जानेवारीपासून धरतात. डिसेंबरअखेर जन्मलेलं शिंगरू आठवड्यात वर्षाचं! म्हणून फेब्रुवारीच्या मध्याआधी घोडी फळवत नाहीत. आणि शर्यतीत उतरेपर्यंत ते दोन वर्षं नुसतं खातं. तो खर्च कोण काढणार, हे आधी घरात विचारा.