निळ्या धुरासाठी एफडी मोडायची का?

प्रश्न: आम्ही पुण्यात धायरीत राहतो. चार महिन्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून २०१५ची पेट्रोल हॅचबॅक २ लाख ८५ हजारांना घेतली. रीडिंग ७८ हजार होतं, महिन्याला साधारण ८०० किलोमीटर चालते. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी पहिला स्टार्टर मारला की मागून निळसर धूर येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन करावं लागेल, ६५ हजार धरून चला. मेहुणे म्हणतात, त्यात पैसे घालू नका, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. शोरूमवाले जुनीचे २ लाख धरतायत, वरचं ७ लाख कर्ज होईल. पगार हातात ५८ हजार येतो, गृहकर्जाचा हप्ता १९ हजार, तो धरून महिन्याचा खर्च ४६ हजार. १ लाख ६० हजारांची एफडी आहे. ती मोडावी की नवीन गाडी घ्यावी? डीलरने डिलिव्हरी नोटवर ‘इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी ६ महिने’ असं लिहून दिलंय, पण त्याला काही अर्थ असतो का?

उत्तर: तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. वॉरंटीचे दोन महिने शिल्लक आहेत. तोंडी आश्वासन असतं तर मी सोडून द्या म्हटलं असतं, पण हे कागदावर आहे. आजच डीलरला ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी कळवा: गाडीचा नंबर, खरेदीची तारीख, धुराचा व्हिडिओ, डिलिव्हरी नोटचा फोटो. फोन करून ‘बघतो साहेब’ ऐकण्यात हे दोन महिने घालवू नका. आणि तोवर तुमच्या गॅरेजवाल्याला इंजिन उघडू देऊ नका. एकदा बाहेर इंजिन खोललं की डीलर हात झटकायला मोकळा. त्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

आता धुराबद्दल. माझं काम पैशांचं, पण इथे धूर कुठून येतोय हे कळल्याशिवाय पैशांचा निर्णय होऊच शकत नाही. ६५ हजारांचा आकडा तुम्हाला कुठल्याही तपासणीशिवाय मिळालाय. त्या गॅरेजवाल्याने कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी, केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पुण्यात पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा चांगल्या गाडीच्या सायलेन्सरमधूनही पांढरी वाफ निघते. ती हवेत लगेच विरते, तिचा खर्च शून्य. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि ते दोन वाटांनी जळू शकतं. रात्रभर गाडी उभी असताना वरचं ऑइल कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हवरच्या रबरी टोप्यांमधून) थेंबथेंब खाली झिरपतं, सकाळी स्टार्ट होताच भक्कन जळून जातं आणि धूर थांबतो. दुसरी वाट पिस्टन रिंगची, म्हणजे पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्यांची. रिंग झिजल्या असतील तर धूर सकाळपुरता राहत नाही, चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर, दिवसभर येत राहतो. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळतंय. सील बदलायला बऱ्याच गाड्यांत हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भागही उतरवावा लागत नाही. काम मॉडेलप्रमाणे सात-आठ हजारांपासून पंधराएक हजारांपर्यंत जातं. ६५ हजार रिंगचे झाले.

याची एक चाचणी फुकट होते. कुणालातरी मागच्या गाडीत बसवा आणि कात्रजच्या जुन्या घाटात जा. चढताना धूर दिसतो का ते त्याने बघायचं. बोगदा ओलांडून उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरमध्येच सोडा आणि खाली सपाटीला लागल्यावर जरा जोरात दाबा. उतारावर इंजिनात ओढ वाढते, सील गेले असतील तर ऑइल आत खेचलं जातं आणि दाबताक्षणी निळा लोट निघतो. चढावर काही नाही पण उतार संपताच लोट, असं दिसलं तर संशय सीलवर. चढावरच धूर सुटला तर रिंगवर.

घरी सकाळी अजून तीन गोष्टी बघा, गाडी थंड असताना. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे का? जास्त भरलेलं ऑइलही धूर काढतं. कूलंटची बाटली आठवड्याला उतरतेय का? आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमलीय का? कूलंट कमी होत असेल आणि धूर पांढरा, दाट, गोडसर वासाचा असेल तर प्रकरण हेड गॅस्केटचं, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगचं असू शकतं. मग डीलरचं उत्तर येईपर्यंत थांबायचा माझा सल्ला लागू नाही, गाडी चालवू नका, थेट टोइंगने न्या. मेकॅनिकला पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनातले वायू परत जळायला पाठवणारी छोटी झडप) तपासायला सांगा. काही शेकड्यांतला भाग, तो तुंबला तरी ऑइल जळतं.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, तीही दुसऱ्या मेकॅनिककडे आणि वेगळे पैसे देऊन. त्याला आधीच सांगा की काम तुमच्याकडे करणार नाही, फक्त प्रत्येक सिलिंडरचं रीडिंग कागदावर लिहून द्या. सगळे आकडे जवळजवळ सारखे आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असले तर रिंगची भीती बरीच कमी होते. एखादा खूप खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर रिंग, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. निदान करणारा आणि त्यातून कमावणारा एकच असू नये, हा आमच्या धंद्यात शिकलेला नियम आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२० मध्ये गुंतवणूक सल्लागारांना हेच बंधन घातलं: ज्या ग्राहकाकडून सल्ल्याची फी घ्यायची, त्यालाच कमिशनवर फंड विकायचे नाहीत. ही तपासणीची रक्कम मी खर्चात धरत नाही, ती ६५ हजारांच्या बिलावरची सूट आहे. आणि डीलरशी भांडायलाही तोच कागद कामी येतो.

आता मेहुण्यांचा पर्याय. ७ लाख, साडेनऊ टक्के, ७ वर्षं: हप्ता साधारण ११,४४० रुपये, एकूण व्याज सुमारे २ लाख ६१ हजार. शिवाय २ लाख ८५ हजारांची गाडी चार महिन्यांत २ लाखांना द्यायची म्हणजे ८५ हजार त्याच दिवशी गेले. १९ हजार अधिक ११,४४० म्हणजे पगाराच्या निम्म्याहून जास्त हप्त्यांत. तुमच्याकडे महिन्याला १२ हजार उरतात, हा हप्ता ते जवळजवळ सगळे खाईल, आणि नव्या गाडीचा विमा त्यापुढे. मेहुण्यांचं मन मोडलं तरी चालेल.

धुराची खरी किंमतही मोजा. समजा १००० किलोमीटरला ३०० मिली ऑइल जळतंय. तुमच्या वापरात महिन्याला पाव लिटरच्या आत, लिटरला पाचशे धरले तरी सव्वाशे रुपये. अर्थात हे कायम चालू ठेवायचं नाही. जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, हळूहळू निकामी करतं, तो भाग महाग असतो, आणि पीयूसीलाही अडचण येऊ शकते. पण वॉरंटीचा निकाल लागेपर्यंत दर रविवारी डिपस्टिक बघून वरचं ऑइल भरत राहणं पूर्ण परवडतं. एक करू नका: कुणी ‘जाड ऑइल टाका, धूर बंद होईल’ म्हणालं तर ऐकू नका, कंपनीने सांगितलेलाच ग्रेड वापरा. कदाचित विकण्याआधी तुमच्या गाडीतही तेच केलं असेल आणि सर्व्हिसिंगला योग्य ऑइल पडल्यावर धूर उघडा पडला असेल. गाडी पाहायला गेलात तेव्हा इंजिन आधीच गरम होतं का, जरा आठवून बघा.

एफडी मोडू नका. आजही ती जेमतेम साडेतीन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. ६५ हजार काढले तर ९५ हजार उरतील, म्हणजे दोनच महिने. डीलरने हात वर केले आणि सीलचंच काम निघालं, तर पंधरा हजार दीड महिन्याच्या बचतीतून होतात. रिंगच निघाल्या तर आधी दुसरं कोटेशन घ्या, नाना पेठेत सुट्या भागांचे भाव विचारून या, आणि एकूण ५० हजारांच्या आत बसत असेल तरच करा. पैसे एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढून उभे करा. एफडीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त लागतात, वापराल तेवढ्याच रकमेवर, आणि एफडी जागेवर राहते. पर्सनल लोन अजिबात नको. ५० हजारांच्या वर जात असेल तर दोष न लपवता, टेस्टचा कागद दाखवून गाडी विका आणि वर्षभर महिन्याला १० हजार बाजूला टाकत पुढच्या गाडीची तयारी करा. तेव्हा गाडी बघायला सकाळी जा, आणि डीलरला फोनवर आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करायची नाही.