भिजलेले बूट आणि घडीवरच्या भेगा

दीड वर्ष रोज वापरलेले तुमचे चामड्याचे बूट, देखभाल म्हणजे अधूनमधून ओलं फडकं, आणि आता बोटांच्या मागे पाऊल वाकतं तिथे भेगा नि पांढरट थर. तुमचा प्रश्न वाचताना एका ओळीवर थबकलो: "भिजले की रात्री हीटरसमोर ठेवतो." नुकसान तिथे झालंय, रोजच्या वापराने किंवा पॉलिश न केल्याने नव्हे.

कमावलेल्या चामड्याच्या तंतूंत तेल मुरवलेलं असतं, म्हणून तंतू एकमेकांवरून सरकतात आणि बूट वाकतो. ओलं चामडं भराभर तापलं की तंतू आखडून एकमेकांना चिकटतात, वाळल्यावर तो भाग पुठ्ठ्यासारखा होतो. सकाळी तेच बूट घालून चाललं की प्रत्येक पावलाला त्याच रेषेवर तंतू तुटतात. कोरड्या चामड्याला जी उष्णता सोसते ती ओल्याला सोसत नाही. कडक ऊनही त्यातच आलं.

वाळवताना लेस सैल करून जीभ पुढे ओढा, आतला सुटा तळवा काढा आणि चुरगाळलेला कागद सैलसर भरा. ठासून भरला तर आकार बिघडतो. सुरुवातीला दर 2-3 तासांनी कागद बदला. बूट कुशीवर आडवे ठेवा, म्हणजे सोललाही हवा लागते. पंखा चालेल. जाड बुटांना 24 ते 48 तास लागतात. तेवढे द्याच, आणि मध्ये घालायला दुसरा जोड ठेवा.

आता भेगांचं. त्यांवरून नख फिरवा. नुसता वरचा रंगाचा थर तडकला असेल तर बूट अजून बरीच वर्षं चालतील. आत तंतू दिसत असतील तर ती भेग कुठल्याही क्रीमने सांधली जाणार नाही. "भरपूर तेल पाजा" हा दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास मिळणारा सल्ला ऐकून मला खरंच चीड येते. तुटलेला तंतू तेलाने जुळत नाही, उलट चामडं लिबलिबीत होतं, घोट्याचा आधार जातो आणि धूळ चिकटून बसते. एका बुटाला वाटाण्याएवढं कंडिशनर, म्हणजे चामडं मऊ ठेवणारं क्रीम, पुरतं, तेही साधारण 3-4 महिन्यांनी किंवा चामडं कोरडं वाटेल तेव्हा. हे गुळगुळीत चामड्यापुरतं. स्वेड किंवा नुबक, म्हणजे वरून मखमलीसारखं लवदार चामडं असेल तर यातलं काही लावू नका.

पांढरा थर कशाचा ते आधी ओळखा. पूर्ण वाळलेल्या बुटावर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून क्षणभर सोडा. थर वितळला तर ती चामड्यातून वर आलेली चरबी, ब्रशने निघते. तसाच राहिला तर बहुधा मीठ. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, त्यात फडकं भिजवून घट्ट पिळा आणि पुसा. केसाळ, लवदार वाटला तर बुरशी, ती घराबाहेर ब्रश करा.

सुरकुत्यांना मात्र घाबरू नका. गोल, मऊ लाटा पडणं आणि रंग गडद होणं हे चांगल्या चामड्याचं वय आहे. त्या लाटांत अडकलेली रेती चामडं आणि शिवणीचा दोरा दोन्ही घासते, म्हणून आठवड्यातून एकदा घोड्याच्या केसांचा ब्रश घडीत घालून फिरवा. पॉलिशपेक्षा मी याला जास्त महत्त्व देईन.

जाता जाता टाचाही बघा. खालचं रबर झिजून वरच्या थरापर्यंत पोचायच्या आत ते बदलून घ्या. पुढे गेलं की अख्खी टाच नव्याने बांधावी लागते.